उसना दिलेला बैल

दसऱ्याला चास पक्षी, म्हणजे नीलकंठ, दिसला की वर्ष चांगलं जातं, असं आमच्याकडे मानतात. आमच्या घराण्यातल्या सगळ्यांनी तो एकदा एकाच वेळी पाहिला आहे. आपट्याची पानं आणायला गेलो होतो तेव्हा, बांधावर उभं राहून, विजेच्या तारेवर बसलेला. आजही कोणाला विचारा, पंख कसे निळेशार होते ते हातवारे करून सांगतील. मी तिथेच होतो. तारेवर फाटक्या ताडपत्रीचा तुकडा अडकला होता.

“आत्या, ताडपत्री हाय ती,” मी म्हटलं होतं.

“तुला ताडपत्रीच दिसनार. धंदेवाला तू,” चांगुणाआत्या म्हणाली, आणि पोरांकडे वळून ओरडली, “हात जोडा रे! आन बघून ठेवा. मंग इचारीन!”

पोरांनी हात जोडले. मोठ्यांनीही जोडले. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली तशी आत्या म्हणाली, “बघा, पंख हालवला.” विषय संपला.

चांगुणाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. दिली होती शहापूरकडे, पण सण आला की धसईजवळच्या आमच्या गावात हजर. नवरात्रात एक फेरी, आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मुक्काम. अंगानं बारीक, आवाजानं दणकट. नऊवारी नेसून एसटीतून उतरायची ती उतरतानाच कंडक्टरला काहीतरी सुनावून. घरात पाय टाकला की पहिला प्रश्न ठरलेला: “यंदा काय करायचा?” फराळाचं नव्हे. फराळ कोणीही करतं. यंदा असं काय करायचं, की जे पुढल्या वर्षी सांगता येईल.

“सन म्हंजे काय रे?” ती म्हणायची. “पुढच्या सनाला बोलायला कायतरी. नायतर करंज्या काय, श्रावणातपन तळता येतात.”

प्रत्येक घरात जुन्या गोष्टी लक्षात ठेवणारं एक माणूस असतं. आमच्याकडे त्या बनवणारं होतं. आता शहरातून येणाऱ्या सुना म्हणतात, “मुलांसाठी मेमरीज क्रिएट करायच्या असतात.” आमच्या आत्यानं हा कारखाना कधीच काढला होता, आणि तिच्या कारखान्यात कच्चा माल लागत नसे.

मोबाइल आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता हिची पंचाईत होणार. फोटोत जे आहे तेच दिसणार. पण आत्यानं फोटोला असा लगाम घातला की आजही आमच्या घरातल्या फोटोंवरून पंचांग काढलं तर दिवाळी उलटी येईल. लक्ष्मीपूजनाचा फोटो भर दुपारी, कारण संध्याकाळी पोरं दमतात आणि तोंडं सुकतात. भाऊबीजेचा फोटो पाडव्यालाच, कारण माझ्या एका पुतणीला दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. एका वर्षी तर तिनं रांगोळी काढायच्या आधी रांगोळीभोवती बसलेल्या बायांचा फोटो काढायला लावला. “रांगोळी मागनं काढा,” म्हणाली, “चेहरे आता चांगले हायेत.”

आणि गोष्टींची वाटणी करायची ती तर अशी, जणू सोसायटीच्या दुकानात धान्य वाटतेय. प्रत्येकाला एक पराक्रमाची, एक फजितीची. नरकचतुर्दशीला दारात डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि त्याचं कडू बी जिभेला लावायचं. एकदा कल्याणहून आलेला नातू तोंड मिटून बसला. आत्या त्याला म्हणाली, “तुझा बाप तुझ्याएवढा असताना ह्याच उंबऱ्यावर रडला, पन खाल्लान.” नातवानं बापाकडे पाहिलं. बाप लहानपणी दिवाळीला आजोळी असायचा, कारीट त्यानं लग्न झाल्यावर पाहिलं. पण पोरानं बी चाटलं. पुढच्या वर्षी बापच पोराला सांगत होता, “मी रडलो होतो रे इथे.”

लोक हसत, मीही हसलो असतो. पण मी पेंढ्याचा व्यापारी. डोक्यावरून भारे वाहिले, मग बैलगाडी, मग टेम्पो. कल्याणच्या तबेल्यांना माझा पेंढा जातो, आणि तबेलेवाल्याशी भाव ठरवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. माझ्याकडून फुकट काडी कोणी नेली नाही. आत्यानं माझा अख्खा बैल नेला.

ते कसं झालं ते सांगतो, म्हणजे माझा राग खोटा वाटायचा नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गुरांना ओढ्यावर धुतात, शिंगं गेरूनं रंगवतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, आणि वेशीजवळ भाताचा पेंढा पसरून पेटवतात. त्या जाळावरून गुरं उडवायची. वर्षभराची पीडा जळते म्हणतात. मी नुकता लग्न झालेला गडी होतो. आमचा पाखऱ्या नावाचा बैल त्या वर्षी अडून बसला. पुढे माणसं, मागे माणसं, तो जागचा हलेना. मी वेसण धरली, आणि आधी मीच जाळावरून उडी टाकली. मी गेलो तसा पाखऱ्या माझ्यामागून गेला. सगळ्या वेशीनं आरोळी ठोकली. माझा चुलतभाऊ वसंता बैलाच्या मागे शेपटी पिरगळायला ठेवला होता. आरोळी झाली तेव्हा तो चिंचेमागे होता.

हाच वसंता त्याच्या आधी चार दिवस, वसुबारसेला, वासराला कुंकू लावायला धावला आणि उकिरड्यात कमरेएवढा गेला. त्याला दोरानं ओढून काढला. त्याचे कपडे माझ्या नव्या नवरीनं ओढ्यावर नेऊन धुतले.

तर गावभर दोन बातम्या: ह्यांच्या घरातल्या एकानं बैल उडवला, आणि एक उकिरड्यात पडला.

भाऊबीज झाली आणि वसंताला बघायला शहापूरकडचे सोयरे आले. तुळशीचं लगीन लागलं की लग्नं सुरू होतात, त्यामुळे घाई. वसंता तेव्हा नुकताच भातसानगरला धरणाच्या हापिसात लागलेला. मुलीचा बाप जाडजूड शेतकरी. त्यानं वसंताला पायापासून वर पाहिला, आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “हापिसात बसून पोराचा हाड मऊ झाला नसंल ना? ऐकलाय तुमच्या घरात एक पोरगा लय धाडशी हाय. आगीवरनं बैल नेलान म्हनं. तो कंचा?”

मी छाती पुढे काढली. आत्यानं तेवढ्यात बोट केलं. वसंताकडे.

“हा काय, तुमच्याम्होरं बसलाय तोच.”

सोयऱ्याचा चेहरा खुलला. “आन तो उकिरड्यात पडला तो?”

आत्याचं बोट तसंच, हवेतल्या हवेत, माझ्याकडे वळलं.

पाहुणे पोट धरून हसले. वसंता खाली मान घालून बसला. त्यांना वाटलं, लाजतोय. विनयशील पोरगा! लग्न तिथेच जमलं.

मी आत्याला परसदारी गाठलं. डोळ्यांत आग होती माझ्या.

“आत्या, माझा बैल!”

“हळू बोल. उसना घेतलाय. लगीन लागू दे, परत देते.”

“आन उकिरडा?”

“तुझं लगीन झालाय रे. बायको आता कुठं जातेय? तुला काय फरक पडतो?”

ह्या बोलण्यात खोट काढता येईना, म्हणून मी अधिकच चिडलो.

लग्न लागलं. मी मागायला गेलो. आत्या म्हणाली, “नवी नवरी हाय. तिला नवऱ्याचा काय वाटंल?” पुढे पोरं झाली. “बापाबद्दल पोरांना कायतरी नको का?” मग पोरगी लग्नाला आली. “व्याह्यांम्होरं नको.” मग जावई आला. मग नातू. असं उसनवारीचं खातं मी माझ्या धंद्यात कोणाचं चालू दिलं नसतं, टेम्पो उभा केला असता दारात. पण आत्याच्या दारात टेम्पो उभा करून काय उपयोग? माल तिच्या तोंडात होता.

आणि दरवर्षी माझ्यासमोर तो माल उघडा व्हायचा. पाडव्याला वसंताचा बैल. वसुबारसेला माझा उकिरडा. आमची नातवंडं मला विचारत, “आजोबा, तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा वास येत होता का?”

मी रागावलो की आत्या त्यांना म्हणे, “असाच रागावला व्हता तवापन.”

वसंता सेवानिवृत्त होऊन गावात राहायला आला, त्या दिवाळीला मी आत्याला शेवटचं गाठलं. ती पडवीत बसून निरांजनाच्या वाती वळत होती. हात थरथरत होते, जीभ नव्हती थरथरत.

“आत्या, वसंताची समदी लग्नं झाली. त्याची, पोरीची, समद्यांची. आता सोयरीक मोडायला कोन उरला नाय. माझा बैल माझ्या नावावर कर.”

“समद्यांम्होरं?”

“समद्यांम्होरं. पाडव्याला.”

तिनं वात संपवली. “सांगीन. पन बैल आन.”

“बैल कुठनं आनू? गावात ट्रॅक्टर हायेत.”

“ट्रॅक्टर दावून बैलाची गोस्ट सांगायला मी येडी हाय का? खरा बैल, खरा जाळ. मंग खरी गोस्ट.”

सौदा मला पटला. वस्तूला वस्तू.

आता आमच्या अख्ख्या भावकीत एक बैल नाही. डोंगराच्या बाजूला वाडीवर जानू ठाकराकडे एक जोडी उरली होती. उताराच्या बारक्या खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही, तिथे त्याची जोडी चालते. मी गेलो तेव्हा तो अंगणात कोयतीला धार लावत होता.

“उडवाया नेतंस का फोटोला?” त्यानं विचारलं.

“उडवायला.”

“यो म्हातारा हाय. तुज्यावानी.”

“म्हातारा हाय तर कमी घे.”

“म्हातारा हाय म्हनून जास्ती. तरन्याला मारून नेतात, म्हाताऱ्याला समजवाया लागतंय.”

शेवटी एक टेम्पो पेंढ्यावर ठरलं. माझ्याच धंद्यातला माल देऊन मी माझाच बैल सोडवत होतो. घरी येताना गाडीवर सगळा वेळ मी कोणावर तरी चिडलेला होतो, कोणावर ते ठरत नव्हतं.

पाडव्याला सगळे जमले. कल्याण, बदलापूर, ठाणे, जिथून जिथून येता येतं तिथून. पोरांनी पांढरे कुडते घातले होते, पोरींनी नऊवारी, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. वेशीजवळ पेंढा पसरला. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. पेंढा दमट. काडी लावली तर जाळ कमी, धूर जास्त. सगळी भावकी खोकायला लागली. वसंता टोपी घालून पुढे आला आणि जाणकारासारखा जानूला सांगू लागला, “वेसन आखूड धर. आन बैलाच्या डोळ्यात बघायचा नाय. मी तवा बघितला नव्हता.”

जानूनं माझ्याकडे पाहिलं. मी दात आवळले. म्हटलं, थांब, अजून अर्धा तास.

बैल जाळापाशी आला, त्यानं मान खाली घातली, आणि न पेटलेल्या कडेचा पेंढा खायला सुरुवात केली. पोरं म्हणाली, “सो क्यूट!” जानू त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. बैलानं पेंढा तोंडात धरूनच, धुरातून, दोन विझत्या काड्यांवरून पाय उचलून पलीकडे नेले. टाळ्या पडल्या. आता वेळ झाली.

आत्याला खुर्ची दिली होती. तिनं काठी आपटली. “बसा रे. आज खरी गोस्ट सांगते. बघून ठेवा, मंग इचारीन.”

आणि तिनं सांगितली. एक अक्षर इकडचं तिकडे न करता. पाखऱ्या कसा अडला, मी वेसण कशी धरली, आधी उडी मी कशी टाकली, वसंता चिंचेमागे कसा होता, उकिरड्यात कोण पडला. सोयऱ्यासमोर बोट कसं फिरवलं तेही. मी समोर उभा होतो. इतक्या वर्षांनी माझं नाव त्या जाळाशेजारी ऐकून मी पुन्हा छाती पुढे काढली.

वसंताचा नातू फिस्सकन हसला.

“पणजी, उलटं सांगतेस तू!”

सगळे हसले. वाईट नाही, प्रेमानं हसले. लहान पोर पाढा चुकलं की हसतात तसे.

“आत्या, नाय गो,” वसंता तिच्याजवळ उकिडवा बसला. “मी नाय का उडवला? ह्यो बघ.” त्यानं पँट वर केली. पोटरीवर जुना डाग होता. तो डाग माझ्याच मोटारसायकलच्या सायलेन्सरचा, मुरबाडला बाजाराला जाताना लागलेला. पण वसंताच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत तो चिंचेमागून बाहेर आला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, हिला तर ठाऊक आहे.

“आत्या, उकिरड्यात ह्येच पडले व्हते,” ती म्हणाली. “मी सोता कपडे धुतले ना.”

“ते वसंताचे कपडे होते!” मी ओरडलो.

“मी वसंता भावजींचे कपडे कशाला धुवीन?”

मागून सूनबाईचा हळू आवाज आला: “आजींचं आता वय झालंय. एकदा डॉक्टरांना दाखवूया का? विसरायला लागल्यात.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. “तिला काय झालेला नाय!” मी म्हणालो. “जन्मात पयल्यांदा खरा बोलली ती! आतापर्यंत समदा खोटा सांगत होती, तो तुमी गिळलात!”

असा वकील कोणाला मिळू नये. सगळे माझ्याकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, “आजोबा ना, गोष्टीतसुद्धा भाव करतात.” सगळे पुन्हा हसले आणि फराळाला उठले.

आत्या खुर्चीतच होती. मी जवळ गेलो. मला वाटलं, रडत असेल. ती पदरानं धूर वारत होती.

“माल दिला तुला,” ती म्हणाली. “समद्यांम्होरं दिला. बाजारात उठाव नाय, त्याला मी काय करू?”

तिचा सौदा पुरा झाला होता, त्यात मला बोट ठेवायला जागा नव्हती. पण त्या संध्याकाळपासून घरात काहीतरी फिरलं. पोरं तिच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली, बहिऱ्याशी बोलतात तसं. भाऊबीजेला ती म्हणाली, “बघून ठेवा,” तर सूनबाई म्हणाली, “हो आजी, बघितलं हं,” आणि फोनमध्ये बघत राहिली. फोटो त्या वर्षी भाऊबीजेचा भाऊबीजेलाच निघाला. जन्मभर खोटं बोलून जी पत कमावली, ती एका खऱ्या गोष्टीत गेली. आणि ती गोष्ट माझी होती. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, ह्याचाही मला रागच आला.

पुढल्या पावसाळ्यात ती शहापूरला वारली. मी तिला शेवटची पाहिली ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मुरबाडला. टेम्पोनं स्टँडपर्यंत आणलं आणि शहापूरच्या जीपपाशी नेलं. जीपवाला तिला मागे कोंबायला बघत होता. मी म्हटलं, म्हातारी पुढेच बसणार. तो म्हणाला, पुढच्या सीटचे जास्त पडतील. मग माझं आणि त्याचं जुंपलं. माझा आवाज चढला. भांडण रंगात आलं असताना जीपमधून मला आत्याचा आवाज ऐकू आला. ती मधल्या सीटवर आधीच जाऊन बसली होती, आणि शेजारच्या बाया तिच्याकडे वळून ऐकत होत्या.

“तीन बैल, बाय. एकामागनं एक. आन जाळ किती? ह्या टपाएवडा! समदा गाव पळाला. माझा भाचा एकलाच म्होरं झाला.”

“अगो बाय! मंग आता कुठं असतो तो?”

“तो काय. डायवरशी भांडतोय तो.”

जीपमधली सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. आठ-नऊ अनोळखी माणसं, शहापूर, किन्हवलीकडची, मला पुन्हा कधी न भेटणारी. माझ्याकडे आजवर कोणी असं पाहिलं नव्हतं. जीपवाल्यानंसुद्धा पाहिलं, आणि पुढचं दार उघडलं. आत्यानं हातानंच नको म्हटलं. श्रोते सोडून ती पुढे कशाला बसेल?

खिडकीतल्या बाईनं पदर सावरत मला विचारलं, “काका, तीनीच्या तीनी बैल तुमीच उडवलंत?”

“चौथा वासरू व्हता,” मी म्हटलं. “त्याला उचलून नेला.”

आत्यानं वळून पाहिलंसुद्धा नाही. “तेच सांगनार व्हते मी,” ती बाईला म्हणाली, “पन ह्याला दम कुठाय.”

जीप शहापूरच्या रस्त्याला लागली.